उचल: पिकावरची आणि अंगावरची

हंगामाच्या दिवसांत पुणतांब्याच्या शिवारात एखाद्या उसाच्या फडावर सकाळी थोडा वेळ उभं राहावं. कोयते चालू असतात, मोळ्या बांधल्या जात असतात, गाडी भरायची घाई असते. त्या गडबडीत कडेला एक निराळाच व्यवहार चालतो. ऊस कारखान्याला जातो, शेंड्याचं हिरवं वाढं मागे राहतं. शेतमालकाचा वाटा काढून उरलेल्या वाढ्याच्या पेंढ्या तोडणाऱ्या बाया बांधतात. गावातला गाई-म्हशीवाला मोटरसायकल थांबवतो, भाव विचारतो, घासाघीस करतो आणि दोन-चार पेंढ्या मागे बांधून निघून जातो. पैसे रोख, आणि तेही बाईच्या हातात. तोडणीच्या टोळ्या आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत या पैशांची नोंद होत नाही.

बीड जिल्ह्यातून, किंवा याच नगर जिल्ह्यातल्या पाथर्डीकडून आलेल्या त्या बाईचा हा धंदा आहे. माल तिचा, भाव तिचा, गिऱ्हाईकही तिचंच. मग पिढ्या उलटल्या तरी हा धंदा पेंढीच्या पुढे का सरकला नाही? तिची मुलगी तोडणीवाल्यांच्या झोपड्यांमध्ये, त्याच कोप्यांमध्ये का मोठी होते, आणि पुढे तिच्याही हाती कोयताच का येतो?

या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर आहे: जिद्द हवी. परमुलखात जाऊन मोठ्या झालेल्या माणसांच्या कथा आपण आवडीने वाचतो आणि प्रत्येक कथेतून तोच बोध काढतो. मात्र पहाटे चारला उठून थंडीत ऊस तोडणाऱ्या बाईला जिद्द कमी आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. मला वाटतं, परमुलखात आलेला मजूर धंदेवाला होतो की मजूरच राहतो, हे ठरवणारी गोष्ट दुसरीच आहे. त्याला मिळालेली पहिली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कशावर दिलेली होती, त्याच्या पिकावर आणि मालावर की त्याच्या अंगावर, हा खरा प्रश्न आहे. आणि याची साक्ष काढायला फार दूर जावं लागत नाही. पुणतांब्याच्या परिसराने गेल्या दीडशे वर्षांत बाहेरून आलेली बरीच माणसं पाहिली आहेत. त्यांतली काही वर गेली, काही तिथेच राहिली.

पुणतांबा म्हणजे गोदावरीकाठची गंगथडी. चांगदेवांची समाधी आणि अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट यांमुळे गाव जुनंच तीर्थाचं. १८७८ च्या सुमारास दौंड-मनमाड रेल्वे झाली आणि पुणतांबा स्टेशनाचं गाव बनलं. आज शिर्डीला जाणारा रेल्वेचा फाटा इथूनच फुटतो. रस्ता, नदी आणि रूळ जिथे एकत्र येतात तिथे बाहेरची माणसं येणारच.

नगर जिल्ह्यात आधी आले ते मारवाडी व्यापारी. त्यांच्याबद्दल ‘लोटा घेऊन आला आणि सावकार झाला’ अशी म्हणच पडून गेली आहे. लोट्याची गोष्ट बऱ्याच अंशी खरी असेल, पण अर्धीच आहे. नवा आलेला पोरगा आपल्याच नात्यातल्या किंवा गावाकडच्या माणसाच्या दुकानात राहायचा. जेवणखाण तिथेच, हिशेब आणि गिऱ्हाईक सांभाळणं शिकायचं तेही तिथेच. काही वर्षांनी पेढीचा मालक त्याला उधारीवर माल देऊन शेजारच्या गावात दुकान थाटून द्यायचा. ही सुद्धा उचलच होती. ती मालावर दिलेली होती आणि तिच्या मागे जातभाईंची पत उभी होती. माल विकला की उचल फिटायची आणि दुकान त्याचं व्हायचं.

या कथेची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर उठले आणि दंग्याचं लोण पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या नगरकडच्या तालुक्यांत पसरलं. दंगेखोरांचा रोख जिवांपेक्षा कागदांवर होता. गहाणखतं आणि कर्जरोखे शोधून शोधून जाळले गेले. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जांबाबतचा कायदा करावा लागला. परका माणूस यजमान मुलखात वर चढतो तेव्हा ती चढण कशावर उभी आहे, हेही बघावं लागतं. यजमानाच्या जमिनीचा कागद हळूहळू आपल्या पेटीत आणून चढलेली चढण जाळपोळीवर येऊन थांबते.

दुसरी चढण मात्र वेगळ्या जातीची होती. तिच्याकडे आपण पुरेसं पाहिलेलं नाही.

सासवडच्या माळ्यांची ही गोष्ट. पुरंदरच्या कोरड्या डोंगरपायथ्याला विहिरीच्या थोड्याशा पाण्यावर बागाईत करण्यात ही माणसं तरबेज होती. १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा सुरू झाला तेव्हा बारामतीकडच्या शेतकऱ्यांना त्या पाण्याची भीतीच जास्त वाटली. बारमाही पाणी घ्यायचं तर पाणीपट्टी आली, खतपेंड आली, मजुरी आली. दुष्काळात जनावरं जगवण्यापुरतं पाणी पुरे, असा तिथला हिशेब. सासवडचे माळी तिथे गेले, त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या आणि ऊस लावला. पुढे गोदावरीचे कालवे झाले, १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण होऊन प्रवरेचं पाणी आलं. मग ही मंडळी कोपरगाव-बेलापूरच्या टापूत, म्हणजे आपल्या गंगथडीला आली.

ती इथे जमिनीचे मालक म्हणून आली नव्हती. परकी होती, गावकीत त्यांना स्थान नव्हतं. त्यांच्याकडे तीन गोष्टी होत्या. पाण्याचं हातातलं ज्ञान, एकमेकांना सांभाळून घेणारी बिरादरी, आणि खंडाने जमीन घेण्याची मोकळीक. भांडवल उभं राहायचं गुळाच्या व्यापारातून. पेठेतला अडत्या उभ्या उसावर, होणाऱ्या गुळावर पैसे उचल द्यायचा. या शब्दावर जरा थांबू. तोडणीच्या मजुराला मुकादम देतो ती उचल आणि गुळाच्या अडत्याने माळ्याला दिलेली उचल, शब्द एकच आहे. अडत्याची उचल पिकावर होती. पीक बुडालं तर दोघंही बुडायचे, पीक साधलं तर नफा माळ्याचा. मुकादमाची उचल अंगावर असते. हंगामात ती काम करून फेडायची, आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच अंगाने यायचं.

पिकावरच्या उचलीतून काय होऊ शकतं ते माळीनगरला दिसतं. १९३२ मध्ये या सासवडकरांनी सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ ‘दि सासवड माळी शुगर फॅक्टरी’ काढली. इतरांच्या जमिनी खंडाने कसणाऱ्या आणि गुऱ्हाळं चालवणाऱ्या शेतकऱ्यांनी आपसांत भागभांडवल उभं करून साखर कारखाना उभारला. आपल्या सहकारी कारखान्यांच्या इतिहासात लोणीचं नाव पहिलं येतं आणि ते रास्तच आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या हंगामात प्रवरेचा कारखाना सुरू झाला. पण ऊस पिकवणाऱ्यानेच साखर करावी हा धडा त्याच्या आधी परमुलखात खंडाने जमीन कसत राहिलेल्या माणसांनी गिरवून दाखवला होता.

यजमानांचं यात काय झालं, हेही पाहावं. बांधाच्या पलीकडे माळी काय करतो ते मूळ शेतकऱ्याने पाहिलं. किती पाळ्या पाणी, कोणती पेंड, लागण कधी करायची, खोडवा कसा राखायचा हे तो शिकला आणि पुढे स्वतः ऊस लावू लागला. गंगथडीतल्या ज्या शेतकऱ्यांनी नंतर सहकाराची राजधानी उभी केली, त्यांच्यातल्या कित्येकांची उसाची शाळा अशी बांधावरच भरली. सावकाराने यजमानाचा कागद घेतला होता. माळ्याने खंड दिला आणि विद्याही दिली. परका वर चढला की घरचा खाली जातो, ही समजूत इथे तरी खोटी ठरली.

मग ही शिडी पुढच्यांसाठी का राहिली नाही? त्याचं उत्तर आपल्याला अवघड वाटेल, कारण ती शिडी काढून घेणारे कायदे दुष्ट हेतूने केलेले नव्हते. १९४८ चा कूळकायदा कसणाऱ्याला जमीन देण्यासाठी झाला, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने अनेक कुळांना मालक केलं. पण त्या दिवसापासून मालकाच्या मनात एक भीती बसली: जमीन खंडाने दिली तर कूळ लागेल. खंड बंद पडला नाही, तो तोंडी झाला. आज वाट्याने किंवा ठोक्याने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं नाव कुठेही लिहिलं जात नाही. म्हणून त्याला पीककर्ज मिळत नाही, गारपिटीची भरपाई मालकाच्या खात्यावर जाते. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, हीदेखील त्याच कायद्याची अट. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने लहान तुकड्याची खरेदी अडवली. जमिनीची चिरफाड थांबावी हा हेतू चांगला होता, पण दहा-वीस गुंठ्यांपासून सुरुवात करू शकणाऱ्या भूमिहीनाचं दारही त्याने बंद केलं. आधीच्या पिढीतल्या कुळासाठी उघडलेला दरवाजा नंतर येणाऱ्या परक्यासाठी बंद झाला, आणि ते कोणाच्या फारसं लक्षातही आलं नाही.

याच परिसरात याचं ठसठशीत उदाहरण आहे. खासगी साखर कंपन्यांनी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन मोठे मळे उभे केले. हरेगावची बेलापूर कंपनी त्यांतली, आणि पुणतांब्याजवळच्या चांगदेवनगरचा मळाही त्यातलाच. त्या मळ्यांवर राबायला बाहेरून मजूर आणले गेले आणि ते चाळींमध्ये वसले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापन झालं. जमिनीचे मूळ मालक, म्हणजे ‘खंडकरी’, अनेक दशकं लढले आणि २०१२ च्या सुमारास त्यांना जमिनी परत मिळू लागल्या. त्यांचा हक्क होता, तो मिळाला. पण दोन-तीन पिढ्या त्याच मातीत राबलेल्या महामंडळाच्या कामगारांना घराखालच्या दोन गुंठ्यांसाठी आंदोलनं करावी लागली. उतारा खंडकऱ्याच्या आजोबाच्या नावाचा होता. कामगाराच्या आजोबाचं नाव होतं हजेरीच्या मस्टरवर, आणि मस्टर दाखवून जमीन मागता येत नाही.

हे कागदाचं प्रकरण लोककथेच्या भाषेतही सांगता येईल. ज्यांची समाधी पुणतांब्यात आहे त्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं तेव्हा मायना काय लिहावा हेच त्यांना कळेना. वयाने मोठे म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने लहान म्हणून नमस्कार? शेवटी त्यांनी कोरा कागद पाठवला. कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर आलं, हे चांगदेवांचं भाग्य. आपल्या गावात दरवर्षी येणाऱ्या माणसाला कोणत्या नात्याने लिहायचं, हे आपल्यालाही ठरवता आलेलं नाही. त्याचाही कागद कोराच राहतो, फक्त त्याला कोणी उत्तर पाठवत नाही.

साखर आणि परदेश ही जोडी आणखी एका ठिकाणी पाहता येते. १८३४ पासून मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियांमध्ये, म्हणजे करारबद्ध मजुरांमध्ये, कोकणातले मराठीही होते. करार संपेपर्यंत त्यांचीही उचल अंगावरचीच होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या बीट साखरेमुळे उसाच्या साखरेचे भाव पडले, मळेवाले अडचणीत आले आणि मळ्यांच्या कडेच्या जमिनी तुकडे करून हप्त्यांवर विकू लागले. घेणारे होते करार संपलेले मजूर. एकरभर, दोन एकर, कुठे त्याहूनही कमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॉरिशसच्या उसाचा मोठा वाटा या लहान मळेवाल्यांच्या हाती आला होता. मालकांच्या मनात दया उपजली म्हणून हे घडलं नाही, मालकांना पैसे हवे होते. पण तुकडा विकत घेता येत होता आणि त्याचा कागद मजुराच्या नावाचा होत होता, एवढ्याने त्या माणसांची पुढची पिढी पालटली. आपण तुकडेबंदी केली त्याच सुमाराला तिथल्या मजुरांची नातवंडं तुकड्यांवर उभी राहून देशाच्या राजकारणात शिरत होती. त्या वाटपातही दलाली होती. मळ्यावरचे सरदार, म्हणजे आपल्याकडचे मुकादमच, आधी स्वतः जमीनवाले झाले आणि मग इतरांना जमिनी मिळवून देऊ लागले.

आखातात याच्या उलटं घडलं. तिथे गेलेल्या कामगाराचा व्हिसा मालकाशी बांधलेला. संयुक्त अरब अमिरातीच्या १९८४ च्या कायद्याप्रमाणे बहुतेक कंपन्यांमध्ये ५१ टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाचा असणं सक्तीचं होतं. ही अट बऱ्याच व्यवसायांतून २०२१ मध्ये गेली. त्या अटींच्या काळातही काही मराठी माणसं मोठी झाली. १९८४ मध्ये वडील महादेव दातार यांनी दुबईत सुरू केलेल्या किराणा दुकानात धनंजय दातार मदतीला गेले आणि त्यातून ‘अल अदील’ हा मसाल्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. त्यांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. तरी एक गोष्ट नोंदवावी लागते. तिथे मुलाने कामाची सुरुवात केली ती घरच्या दुकानात, घरच्या मालावर. बांधकामावर राबणाऱ्या, पासपोर्ट मालकाकडे ठेवावा लागलेल्या मजुराला त्याच शहरात ती पहिली पायरीच मिळाली नाही. अपवादांच्या कथा सांगताना पायऱ्यांचा हिशेब मांडायला आपण विसरतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला असा: तोडणी मजुरांतूनही माणसं वर जातात, मुकादम होतात, ट्रॅक्टर घेतात, काही तर कारखान्याचे ठेकेदार होतात. खरं आहे. पण त्यांचा माल काय आहे, ते पाहावं. मुकादम ऊस पिकवत नाही, गूळ करत नाही. तो कोयते पुरवतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अंगावरच्या उचलीच्या व्यवस्थेत वर जायची एकच वाट शिल्लक राहते, ती म्हणजे स्वतः उचल देणारा होणं. व्यवस्था बदलत नाही, फक्त वहीचा मालक बदलतो. आणि त्या वहीत जोडीतल्या बाईचं नाव नसतं. ती अर्धा कोयता असते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो पुणतांब्यातूनच येईल. १ जून २०१७ ला याच गावातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध, भाजी शहरांना न पाठवण्याचा तो निर्धार राज्यभर पसरला आणि सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. ज्या यजमानाचं स्वतःचंच भागत नाही, त्याने परक्याला शिडी कुठून द्यायची? या प्रश्नातलं दुखणं खरं आहे. पण त्या संपाने महाराष्ट्राला शिकवलेली गोष्टही लक्षात ठेवावी. शेतकरी हा भाव मागणारा, माल रोखून धरणारा धंदेवाला आहे, हे पुणतांब्याने ठासून सांगितलं. आपला माल आणि आपला भाव ही मागणी शेतमालकाच्या तोंडी न्याय्य असेल, तर वाढ्याची पेंढी विकणाऱ्या बाईच्या तोंडी ती अन्याय्य कशी होईल? कर्जमाफी बँकेच्या शेतीकर्जाची होती. तोंडी खंडाने कसणाऱ्याचं कर्ज आणि मुकादमाच्या वहीतली उचल तिच्या कक्षेत येणं शक्यच नव्हतं. संपकऱ्यांचा त्यात दोष नाही, पण कोणाचं कर्ज कर्ज म्हणून मोजलं जातं, हे त्या निमित्ताने उघड झालं.

तिसरा आक्षेप माझा स्वतःचाच आहे. प्रत्येक मजुराने धंदा का करावा? रस्त्याकडेला गाडा लावणाऱ्यालाही हल्ली ‘उद्योजक’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, आणि त्या मोठ्या शब्दाआड नुसती पोटाची ओढाताण दडवली जाते. कायमची नोकरी, रास्त मजुरी, मुलांची शाळा मिळाली तर कितीतरी लोक खुशाल मजूर राहतील, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. माझा मुद्दा एवढाच की ज्याला पुढे सरकायचं आहे त्याची वाट अंगावरच्या उचलीने अडलेली नसावी.

त्यासाठी आभाळ फाडावं लागत नाही. जमीन भाड्याने देणाऱ्याची मालकी शाबूत ठेवून कसणाऱ्याला कागद देता येईल, असा नमुना कायदा नीती आयोगाच्या समितीने २०१६ मध्येच मांडला होता. त्या धर्तीवर खंडाची नोंद झाली, तर मालकाची भीती जाईल आणि कसणाऱ्याला पत मिळेल. तोडणीची मजुरी जोडीतल्या दोघांच्या नावे, स्वतंत्र खात्यांवर जमा झाली, तर दर हंगामाचा एक हिशेब तयार होईल आणि पतसंस्थेला तो तारणासारखा वाचता येईल. बचत गट सहा महिने गावी नसलेल्या बाईला गैरहजर धरतात. हंगामाच्या गावी तिचा हप्ता भरून घेण्याची सोय झाली, तर तो गट तिच्या नावाचा राहील. फेरीवाल्यांसाठी २०२० मध्ये आलेली बिनतारण कर्जाची योजना मुख्यतः शहरांपुरतीच राहिली. आठवडे बाजारात बसणाऱ्या परगावच्या माणसाला ती का नसावी? यातली कोणतीही गोष्ट दान नाही. अडत्याने उभ्या उसावर दिलेल्या पैशाइतकाच तो व्यवहार आहे.

सासवडहून आलेल्या माणसाला गंगथडीने जमीन खंडाने दिली, पाणी दिलं, बाजारात उभं राहू दिलं. त्यात गंगथडीचं नुकसान झालं नाही. आज पुणतांब्यात कोणाचे आजोबा सासवडचे आणि कोणाचे इथले, हे लग्नाच्या बोलण्यांशिवाय कोणी विचारत नाही. परकेपण असंच मुरतं, पण त्याला दोन-तीन पिढ्यांची मुदत आणि एका जागी टिकण्याची मुभा लागते. तोडणीवाल्याला दर हंगामाच्या शेवटी कोपी मोडून जावं लागतं. मुरायला त्याला वेळच मिळत नाही.

हंगामाचे शेवटचे दिवस आले की वाढं कमी पडतं आणि भाव चढतो. फडाच्या कडेला गाडीवाला थांबतो आणि म्हणतो, मावशी, काल तर स्वस्त दिलंस. मावशी पेंढीवरचा हात उचलत नाही. काल काल होतं, म्हणते. तिला बाजार कळतो, मालाची टंचाई कळते, गिऱ्हाईकाची गरज कळते. शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही. गाडीवाला पैसे मोजतो. ती ते पदराच्या गाठीला बांधते, कारण ते ठेवायला तिच्याजवळ दुसरी जागा नाही, आणि पुन्हा फडात शिरते, फिटायच्या राहिलेल्या उचलीकडे.